कोंबडी झाकली तर

आमच्या घरी एक कोंबडी आहे आणि तिनं अंडी घालू नयेत म्हणून गेलं दीड वर्ष आम्ही घरातली चार माणसं रोज संध्याकाळी खटपट करतो आहोत. हे वाक्य मी एकदा ऑफिसच्या कॉलवर सहज बोलून गेलो, तर पलीकडे पाच-सहा सेकंद नुसती शांतता. मग एकानं हळूच विचारलं, "म्हणजे अंडी घालावीत म्हणून ना?" म्हटलं नाही, घालू नयेत म्हणून. विषय तिथंच बदलला. पण तेव्हापासून डोक्यात होतं की एखाद्या शनिवारी हे सगळं नीट लिहून काढायचं. आज रिलीज नाही, घरात पाहुणे नाहीत, दुसरा चहा झालाय. तर लिहितो.

कोंबडीचं नाव टेंपो. नाव लेकीनं ठेवलंय, का ते कळेलच.

आमचं घर साताऱ्यात, कासच्या रस्त्याला. घरामागं गुंठाभर मोकळी जागा. त्यात आईची कोथिंबीर, दोन पपया, कढीपत्ता आणि खुराडं. २०२० साली मी लॅपटॉप घेऊन पुण्याहून "पंधरा दिवसांसाठी" इथं आलो, तो अजून परत गेलेलो नाही. आईचं माहेर जावळीतलं, ती कोंबड्यांतच वाढलेली. तेव्हा तिच्याकडे दोन कोंबड्या होत्या. बकुळा ही गावरान, तांबूस, भलती हुशार. ठमी ही गिरिराज, अंगानं दणकट आणि डोक्यानं बेताची. २०२२ च्या दिवाळीनंतर एका सकाळी कोपऱ्यावर टेंपो येऊन उभा राहिला. लेअर फार्मवरच्या जुन्या कोंबड्या, दीडशेला एक. बायको आणि लेक भाजीला गेल्या होत्या, त्या मेथीची जुडी आणि एक कोंबडी घेऊन परत आल्या.

लेअर म्हणजे फक्त अंड्यांसाठी पाळलेली कोंबडी. वर्षाला तीनशेच्या वर अंडी घालते. दीडेक वर्षाची झाली की अंडी कमी व्हायला लागतात, कवच पातळ पडतं, खाद्याचा खर्च आणि अंड्याचा भाव यांचा मेळ बसत नाही. मग अख्खा लॉट काढून टाकतात आणि नव्या तलंगा भरतात. काढलेल्या कोंबड्या टेंपोत बसून गावोगाव फिरतात आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा रस्सा होतो. यात फार्मवाल्याला व्हिलन करण्याचा माझा हेतू नाही. मी रोज दोन अंड्यांचं ऑम्लेट खाणारा माणूस आहे, ते अंडं सहा-सात रुपयांत माझ्यापर्यंत कसं पोचतं याचा विचार मी इतकी वर्षं केलेला नव्हता, एवढंच.

टेंपो आली तेव्हा बघवत नव्हती. पांढरा रंग होता असं म्हणायचं, कारण मानेवर आणि पोटाखाली पिसंच नव्हती. चोचीचं टोक कापलेलं (पिंजऱ्यात एकमेकींना टोचू नये म्हणून लहानपणीच कापतात). तुरा फिकट, एका डोळ्यावर लोंबणारा. पाय पांढुरके. पहिले दोन दिवस आम्ही ठेवलं त्या जागी ती उभी राहिली. चालता येत नव्हतं असं नाही, पण चालायचं असतं हे तिला माहीत नसावं. पिंजऱ्यात एकीच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढीसुद्धा जागा येत नाही. तिसऱ्या दिवशी बकुळानं तिच्यासमोर माती उकरली, तेव्हा हिनं एक पाय उचलून बघितला. चौथ्या दिवशी अंडं. ते मात्र तिला पक्कं माहीत होतं.

लेकीनं अंड्यांची वही घातली. तारीख, कोणाचं अंडं, किती वाजता. तिसरीतल्या मुलीला कुणी सांगितलेलं नसताना तिनं टाइमस्टॅम्प टाकला, याचा बाप म्हणून मला किती आनंद झाला ते सांगायला नको :-) वहीतून एक मजेदार गोष्ट दिसली. टेंपोचं अंडं आज सव्वासातला, उद्या आठला, परवा पावणेनऊला, असं रोज थोडं पुढं सरकायचं, दुपार गाठायचं, मग एक दिवस सुट्टी, आणि परत सव्वासात. मला आधी वाटलं पोरगी कंटाळून काहीही लिहितेय. पण ते खरंच तसं असतं. एक अंडं पूर्ण व्हायला साधारण पंचवीस-सव्वीस तास लागतात, दिवस मात्र चोवीसचाच. घसरत घसरत अंडं दुपारी आलं की पुढचा बलक त्या दिवशी सुटत नाही, आणि चक्र दुसऱ्या दिवसापासून नव्यानं लागतं.

या पंचवीस तासांतले वीसेक तास नुसतं कवच चढण्यात जातात. बलक, पांढरं, आतली पापुद्र्यासारखी पिशवी हे सगळं पाच तासांत उरकतं, आणि मग रात्रभर त्या पिशवीवर चुना चढत राहतो. एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. दोन ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण दीड किलोच्या कोंबडीच्या सगळ्या हाडांत मिळून कॅल्शियम असतं सुमारे वीस ग्रॅम. म्हणजे रोज एक दशांश सांगाडा अंगाबाहेर. वर्षाला तीनशे अंडी म्हणजे सहाशे ग्रॅम, तीस सांगाडे. हा हिशोब मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केला.

आणि गंमत बघा, कवच चढतं मुख्यतः रात्री, नेमकं कोंबडी काही खात नसते तेव्हा. दिवसभरात खाल्लेलं पुरलं नाही की शरीर हाडांतून उचल घेतं. निसर्गानं त्यासाठी पक्ष्यांच्या मादीला खास सोय केली आहे. लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळंच भुसभुशीत हाड तयार होतं, ते नुसतं बफर म्हणून. रात्री झिजतं, दिवसा भरतं. ही सोय मूळ रानकोंबडीसाठी होती, जी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. आपण त्याच बफरवर तीनशेचा लोड टाकला. चालतंय की, म्हणून अजून टाकला. आमच्या धंद्यात अशा सिस्टीम्स मी पाहिल्या आहेत. त्या बरीच वर्षं चालतात, आणि मग एका साध्या मंगळवारी झोपतात.

टेंपोचा मंगळवार २०२४ च्या फेब्रुवारीत आला.

सकाळपासून ती अंड्याच्या टोपलीत जात होती आणि बाहेर येत होती. जायची, बसायची, उठायची. दुपारपर्यंत ते थांबलं आणि ती भिंतीशी उभी राहिली. शेपटी खाली, छाती वर, पाय फाकलेले, थेट पेंग्विन. पिसं फुलवलेली, डोळे अर्धे मिटलेले. दर थोड्या वेळानं शेपटीचा भाग मागं-पुढं हलायचा, जणू कुणी आतून पंप मारतंय. दाणा टाकला, बघितला नाही. मला वाटलं पोटात काही गेलं. आईनं लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "अडलीया ती."

अडली. हा शब्द मी बाईच्या बाबतीत ऐकला होता, गाईच्या बाबतीत ऐकला होता. बाळंतपणात मूल आडवं आलं की बाई अडते, वासरू फिरलं नाही की गाय अडते. कोंबडीही अडते हे नव्यानं कळलं. मग आईनं तिला काखेत धरलं आणि बोटाला खोबरेल लावून चाचपलं. तिच्या लहानपणी हे रोजचं काम असायचं म्हणे. सकाळी खुराडं उघडायच्या आधी एकेक कोंबडी चाचपायची, जिच्या पोटात अंडं लागतंय तिला आतच ठेवायची, नाहीतर ती जाऊन दुसऱ्याच्या परड्यात घालून येते. "हाय हिथंच. दाराशी येऊन बसलंय," आई म्हणाली.

अडलेल्या कोंबडीला घरी काय करता येतं ते फार थोडं आहे, पण ते थोडं महत्त्वाचं आहे. कोमट पाण्याचं टब, आपल्या मनगटाला सुखद वाटेल इतकंच कोमट, आणि त्यात पोटापर्यंत वीस मिनिटं. मला वाटलं होतं फडफडून घर डोक्यावर घेईल, पण दोन मिनिटांत तिनं मान माझ्या हातावर टाकली आणि डोळे मिटले. मग टॉवेलनं कोरडं करायचं, गुदद्वाराला बाहेरून तेल लावायचं, अंधाऱ्या उबदार जागी एकटं ठेवायचं. आणि कॅल्शियम तोंडानं. कारण अडण्याचं एक मोठं कारण तेच आहे. अंडं बाहेर ढकलायचं काम स्नायूंचं, आणि स्नायू आकसायला कॅल्शियम लागतं. ज्या रात्री सगळं कॅल्शियम कवचावर खर्च झालं, त्याच सकाळी ते कवच बाहेर काढायला पुरेसं उरत नाही. एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही, ती म्हणजे पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न. आत फुटलं तर कवचाच्या कडा रुततात, बलक पोटात पसरतो, संसर्ग होतो, आणि मग फारसं काही हातात राहत नाही.

रात्री साडेआठला टेंपोनं अंडं घातलं. कवच खरखरीत, एका टोकाला वळ्या पडलेल्या. घालून ती उठली, पाणी प्यायली आणि त्या अंड्याकडे वळूनही न बघता दाणे टिपायला लागली. बायकोनं त्या अंड्याचं काही करायला साफ नकार दिला.

त्यानंतर आम्ही जे करायचं ते सगळं केलं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायला लागलो. तो मुद्दाम जाडसर, आणि संध्याकाळी. जाड तुकडे पोटातल्या पेषणीत रात्रभर हळूहळू विरघळतात, म्हणजे कवच चढायच्या वेळीच माल पोचतो. (नाईट बॅचला इनपुट वेळेवर हवा.) उन्हाळ्यात वर गोणपाट भिजवून टाकलं. उन्हाचा आणि कवचाचा संबंध मला फार आवडला. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्तातलं कार्बोनेट घटतं, आणि कवच तर कॅल्शियम कार्बोनेटचंच. म्हणून एप्रिल-मेमध्ये अंडी पातळ कवचाची येतात. त्यात वय वाढलं की अंड्याचा आकार वाढतो, पण कवचाचा माल तेवढाच. तोच रंगाचा डबा मोठ्या भिंतीला पुरवायचा.

एप्रिलमध्ये ती परत अडली. टब, तेल, अंधार. पहाटे मऊ कवचाचं अंडं पडलं, हातात घेतलं तर पाण्याच्या फुग्यासारखं. जूनमध्ये दोनदा नुसता बलक, कवचाशिवाय. शेजारच्या काकांनी कुंपणावरून सल्ला दिला, "अहो, कशाला जिवाला त्रास, तिच्याही आणि तुमच्याही. रविवारी मी येतो, मसाला मी आणतो." हे त्यांनी वाईट अर्थानं म्हटलेलं नाही. त्यांच्या हिशोबात कोंबडी म्हणजे आधी अंडी आणि नंतर रस्सा, आणि हा हिशोब माझ्या आजीचाही होता. मला त्यांना उत्तर देता आलं नाही. लेक दारात उभी होती.

जुलैमध्ये तिसऱ्यांदा. यावेळी टब झाला, दुसरा टब झाला, रात्र गेली, सकाळी टेंपोला उभंही राहता येईना. पावसात तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. रांगेत एक बैल, दोन शेळ्या, एक लॅब्राडोर आणि आम्ही. डॉक्टर वयस्क होते. टोपलीवरचं फडकं बाजूला करून म्हणाले, "गाय अडली तर लोक रात्री दोनला उठवतात मला. कोंबडी अडली म्हणून आलेले तुम्ही पहिलेच." म्हटलं साहेब, हिची किंमत दीडशे रुपये आहे मला माहितीय. ते म्हणाले, "किमतीचं नाही हो. मला हात बसलेला नाही, एवढंच सांगतो."

त्यांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, तासभर थांबवलं. काही हललं नाही. मग गुदद्वारातून अंड्याचं टोक दिसेपर्यंत वाट केली, कवचाला जाड सुईनं भोक पाडलं आणि आतला द्रव सिरिंजनं ओढून घेतला. अंडं रिकामं झाल्यावर कवच आत चेपलं आणि तुकडे चिमट्यानं एकेक करून काढले. चाळीस मिनिटं. मी तिचे पंख धरून होतो, तिचं काळीज माझ्या तळव्यावर धडधडत होतं, इतकं जोरात की मोजता येत नव्हतं. शेवटचा तुकडा काढून डॉक्टर ताठ झाले, कमरेवर हात ठेवला. अँटिबायोटिक, वेदनेचं औषध. आणि मग जे बोलले त्यावरून हा सगळा लेख.

"आज निघालं. दर वेळी निघेलच असं नाही. हिला वाचवायचं असेल तर हिची अंडी बंद करा."

घरी येऊन रात्री मी वाचायला बसलो. परदेशात हौशी लोक अशा कोंबड्यांच्या कातडीखाली डेस्लोरेलिन नावाच्या हार्मोनची बारीक गोळी बसवून घेतात, काही महिने अंडी थांबतात. ती मूळची कुत्र्यांसाठी केलेली. आमच्याकडे ती वाट नव्हती. वाचता वाचता हेही कळलं की स्त्रियांच्या अंडाशयाच्या कॅन्सरचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लेअर कोंबड्यांवर काम करतात, कारण इतकी अंडी सुटल्यामुळे त्यांना तो रोग आपसूकच होतो. त्यानंतर लॅपटॉप मिटला.

सकाळी आई भाकरी थापताना म्हणाली, "बकुळा बघ, ती कधी अडते का?" बकुळा अडत नाही, कारण बकुळा वर्षातून तीन-चारदा खुडूक होते. पंधरा-वीस अंडी झाली की टोपलीत बसून राहते, अंगाला हात लावला तर फुगते, टोचते. एकवीस दिवस पिल्लं निघायचे, पुढं ती मोठी व्हायचे. तेवढे दिवस अंडी बंद. लहानपणी आईच्या घरी खुडूक कोंबडी म्हणजे तोटा. मग तिला पाण्यात बुचकळायचं, नाकात पीस अडकवायचं, डालग्याखाली उघड्यावर ठेवायचं, काय वाट्टेल ते करून तिचं खुडूकपण मोडायचं आणि परत अंड्यावर आणायची. फार्मवाल्यांनी तर पिढ्यान् पिढ्या निवडून ही सवयच रक्तातून काढून टाकली. टेंपोच्या जातीत खुडूक होणं जवळजवळ राहिलेलंच नाही. "खुडूक म्हंजे तिची रजा असती रं," आई म्हणाली. "हिची रजाच काढून घेतली."

आणि मग तिनंच ती म्हण उच्चारली, तव्याकडे बघत, सहज. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. म्हणजे उगाच काहीतरी करत बसू नको, जे व्हायचं ते होतं, या अर्थानं. मी मात्र हातातला घास तसाच धरून बसलो. कारण रात्री मी नेमकं हेच वाचलं होतं. कोंबडं झाकल्यानं तांबडं फुटायचं राहत नाही हे खरं, पण कोंबडी झाकली तर अंडं यायचं राहतं.

अंडी घालायची की नाही हे कोंबडी उजेडावरून ठरवते. दिवस मोठा होत चालला, चौदा-पंधरा तास उजेड दिसला, की मेंदू अंडाशयाला हुकूम सोडतो. दिवस लहान होऊ लागला की हुकूम मागे. म्हणून तर फार्मवर रात्रीही दिवे असतात. त्यातलं विलक्षण असं की हा उजेड ती डोळ्यांनी मोजत नाही. कवटी पातळ असते, तिच्यातून उजेड थेट मेंदूत खोलवर पोचतो आणि तिथल्या पेशींना तो कळतो. आंधळ्या कोंबडीलाही दिवस लांबल्याचं समजतं. आमच्या घरामागच्या खांबावर पांढरा एलईडी आहे, सोडियमच्या पिवळ्या दिव्याच्या दुप्पट उजेडाचा, आणि तो रात्रभर तिरका खुराड्यात येतो. म्हणजे टेंपोचा फार्म कधी संपलाच नव्हता.

मग आम्ही टेंपो झाकायला लागलो. मोटारीच्या खोलीतलं लाकडी कपाट रिकामं केलं, हवेसाठी खाली-वर भोकं पाडून त्यांना वाकडे पाइप बसवले, म्हणजे हवा येईल पण उजेड येणार नाही. आत भुसा आणि बसायला दांडी. संध्याकाळी पाचला आत, सकाळी साडेआठला बाहेर. उजेड साडेआठ तास. लेअर मॅश बंद. अंडी न घालणाऱ्या कोंबडीला तेवढं कॅल्शियम दिलं तर मूत्रपिंडावर ताण येतो. त्याऐवजी जोंधळा, मका, थोडी पेंड, मेथीच्या काड्या. बकुळा आणि ठमी बाहेरच खुराड्यात, त्यांचं चालू.

पहिला आठवडा वाईट गेला. पाच वाजता कोंबड्यांचा सगळ्यात मजेचा वेळ असतो, ऊन उतरलेलं, किडे वर आलेले. टेंपो लपायची. एकदा पपईच्या मागं, एकदा चक्क ठमीच्या पोटाखाली. पाचला माझा एक रोजचा कॉल असतो, त्यामुळे हे काम लेकीकडे गेलं. "टेंपो झाकली का?" हा आमच्या घरातला "गॅस बंद केला का?" झाला. बायको म्हणाली, "अंडी नकोत म्हणून कोंबडी पाळणारे आपणच." पण शनिवारी कपाटाच्या फटीला आतून काळी पट्टी लावताना मी तिलाच पाहिलं.

वहीत काय दिसतं ते सांगतो. जुलैचा शेवट: एक दिवसाआड. ऑगस्टचा पहिला आठवडा: दोन अंडी. मग एक. त्या एकेका अंड्याच्या दिवशी घरात कुणी जोरात बोलत नव्हतं. १९ ऑगस्टला राखी पौर्णिमा होती, त्या दिवशी सकाळी दहाला एक अंडं, लहानसं, सरळपणे घातलेलं. त्याच्यापुढं वहीत टेंपोचं नाव महिनोन् महिने नाही.

सप्टेंबरात तिची पिसं झडायला लागली. अंगणात पांढरा सडा. मधल्या काळात ती इतकी विद्रूप दिसायची की काकांनीही मसाल्याचा विषय काढणं सोडलं. दिवाळीपर्यंत नवी पिसं आली, मानेवरसुद्धा. आणि एका सकाळी लेक ओरडत आली, "बाबा, टेंपोचे पाय पिवळे झालेत!"

हे मी वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळं. कोंबडीच्या पायाचा पिवळेपणा मक्यातून, पाल्यातून येतो. अंडी चालू असताना तो सगळा बलकात जातो आणि कातडीला काही उरत नाही. आधी गुदद्वाराभोवतीचा रंग उडतो, मग डोळ्यांच्या कडेचा, मग चोचीचा, सगळ्यात शेवटी पायांचा. अंडी थांबली की त्याच क्रमानं परत येतो. जाणकार माणूस पाय बघून सांगतो की ही किती दिवस अंड्यावर आहे. टेंपो आमच्याकडे आली तेव्हा तिचे पाय पांढुरके होते आणि मी तो तिचा रंग समजत होतो.

त्यात आणखी एक. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज उत्तरेकडचा आणि पूर्वेकडचा लाल रानकोंबडा, पण हा पिवळ्या कातडीचा जीन त्याच्याकडचा नाही. २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की तो राखी रानकोंबड्याकडून आला, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याकडून. कासला जाताना पहाटे झाडीतून जो खरखरीत आवाजात ओरडतो तोच. जगभरच्या फार्मवरच्या पिवळ्या पायांत आमच्या रस्त्यावरच्या पक्ष्याचा वाटा आहे. याचा टेंपोच्या दुखण्याशी काही संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

२०२५ च्या मार्चमध्ये तिनं एक अंडं घातलं. आम्ही चौघं कपाटासमोर उकिडवे बसलो होतो. पाऊण तास लागला. कवच चांगलं होतं. आईनं ते बकुळाखाली ठेवायचा विचार बोलून दाखवला, मग स्वतःच हसली, कोंबडाच नाही तर पिल्लू कुठून. दुसऱ्या दिवसापासून कपाटाची वेळ अर्ध्या तासानं वाढवली आणि पुढं काही आलं नाही.

आता टेंपो पावणेपाच वर्षांची असेल. पोटाला हात लावला की कधी कधी जरा घट्ट लागतं. ते काय आहे हे मला माहीत नाही, आणि डॉक्टर म्हणाले की तिला त्रास होत नसेल तर उघडून बघायची घाई नको. चालते, उकरते, ठमीचे दाणे पळवते. मातीत अंघोळ करताना एक पाय ताणून अशी पडते की नवीन माणसाला वाटावं मेली.

आता संक्रांत झाली. दिवस तिळातिळानं मोठा होत जाणार. लेकीनं कपाटाच्या दारावर वेळापत्रक चिकटवलंय, या आठवड्यापासून पावणेपाच. टेंपोला ते पसंत नाही. आत्ता चार चाळीस झालेत आणि ती पपईमागं गेलेली मला इथून दिसते आहे.